राजगडावरून तोरण्याकडे, हस्ताच्या पावसात

जून ते सप्टेंबर पाऊस कोकणातून घाट चढून येतो. त्याची दिशा ठरलेली असते आणि एकदा आला की तो मुक्कामच ठोकतो. ऑक्टोबर लागला की वारं फिरतं. पहाटे दरीत धुकं, दहानंतर अंग भाजणारं ऊन आणि दुपारी कधीतरी पूर्वेकडून, भोर-पुरंदरच्या अंगानं, बघता बघता काळं होऊन येतं. हवामान खात्याच्या वेळापत्रकात पुण्यातून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ९ ऑक्टोबर आहे. तिच्या आगेमागे काही दिवस आकाशाचा हा खेळ चालतो. नक्षत्र हस्त. पाटावर हत्ती काढून मुली भोंडल्याचा फेर धरतात, तेच हे दिवस.

मला सह्याद्रीत लांबचं चालायला हेच दिवस आवडतात. भर पावसात धारेवर काहीच दिसत नाही, उन्हाळ्यात पाण्याचे हाल होतात, आणि हिवाळ्यात सगळं इतकं सरळ असतं की आकाशाकडे मान वर करायचीही गरज पडत नाही. हस्तात मात्र दर तासाला वर बघावं लागतं. आणि एकटं असलं की आपल्या वाटचं दुसरं कुणी बघणारं नसतं.

गुंजवण्यातून राजगड, तिथून संजीवनी माची उतरून तोरण्यापर्यंतची धार आणि मग वेल्ह्यात उतार, अशी ही चाल आहे. राजगड १३७६ मीटर, तोरणा १४०३. दोघांच्या मध्ये दहा-बारा किलोमीटरचा दांडा आहे. कधी रुंद पठार, कधी कारवीच्या रानातून गेलेली बोळ, कधी दोन्ही बाजूंना दरी. डाव्या हाताला सतत भाटघर धरणाचं पाणी, उजव्या हाताला वेल्ह्याचं खोरं. तोरण्यावर सापडलेल्या धनातून समोरचा मुरुंबदेवाचा डोंगर बांधून काढला आणि त्याचा राजगड झाला, असं सांगतात. ही दोन नावं एका दमात घेतली जातात त्याला हेही एक कारण असावं. ट्रेकर मंडळी ही वाट बहुधा दोन दिवसांत करतात. दिवस मोठा केला तर एका दिवसातही होते.

आदल्या रात्री गुंजवण्यात एका घरी ओसरीवर पथारी टाकली होती. पहाटे साडेचारला बॅटरी डोक्याला लावून निघाले. घरच्या काकूंनी चहा दिला आणि विचारलं, "एकटीच?" मी हो म्हटल्यावर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो फार नेमका होता. "घरी ठाऊक हाय ना कुठनं कुठं जाणार ते?" ठाऊक होतं. कुठून चढणार, कुठे उतरणार, संध्याकाळी सातपर्यंत फोन आला नाही तर आधी कुणाला विचारायचं, हे सगळं कागदावर लिहून घरी फ्रिजवर लावलेलं होतं. एकट्यानं डोंगरात जाऊ नये असं सांगणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांचं म्हणणं खरंच आहे. पाय मुरगळला तर हाक मारायला कुणी नसतं, आणि शोधायला येतात ती आधी गावातली पोरं, स्वतःची कामं टाकून. त्यांना अंधारात उगाच रान पालथं घालावं लागू नये, एवढी व्यवस्था तरी निघण्याआधी करून ठेवायला हवी.

चोरदरवाज्याची वाट अंधारात चढायला बरी पडते, कारण किती उरलंय ते दिसत नाही. शेवटच्या कातळात रेलिंग हाताला गार लागलं. हजार मीटरला साडेसहा अंश हे थंडीचं ढोबळ गणित, म्हणजे गुंजवण्यापेक्षा गडावर चारेक अंश कमी. घाम आलेल्या पाठीला तेवढे चार अंश चांगलेच कळतात. पद्मावती माचीवर पोचले तेव्हा तांबडं फुटत होतं. अंगातला ओला शर्ट काढून कोरडा घातला. माझा एकमेव कडक नियम आहे तो हा. सॅकमध्ये जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा जोड दिवसभर हलवायचा नाही आणि दुसरा चढ संपल्या संपल्या बदलायचा. वारा सुटला की ओला सुती कपडा अंगातली ऊब जितक्या वेगानं खेचतो तितकी ती पाऊसही खेचत नाही.

माचीवरून खाली पाहिलं तर गुंजवणं नव्हतं, वेल्हं नव्हतं, रस्ते नव्हते. रात्र निरभ्र गेली की दरीतली हवा गार होऊन खाली बसते, पावसाळाभर भिजलेल्या जमिनीची ओल तिच्यात असतेच, आणि सूर्य वर येईपर्यंत सगळं खोरं धुक्यानं काठोकाठ भरतं. धुक्याच्या वर फक्त उंच असलेले उरले होते. उत्तरेला सिंहगड, त्याच्यावरचा टॉवर धरून. पूर्वेला पुरंदर आणि वज्रगडाची जोडी. पश्चिमेला तोरणा, लांबलचक, झुंजार माचीपासून बुधला माचीपर्यंत आडवा पडलेला. तिथवर जायचंय असं मनाशी म्हटलं. पण ते जायचं की नाही हे आज आकाश ठरवणार, हेही त्याच वेळी म्हटलं.

संजीवनी माचीकडे जाताना सूर्य पाठीशी होता. राजगडाच्या तीन माच्यांत मला हीच सर्वांत जवळची. अडीच किलोमीटर लांब, टप्प्याटप्प्यानं उतरत गेलेली, आणि दुहेरी तटबंदीची. बाहेरच्या आणि आतल्या तटाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पायऱ्या उतरत जातात. तिथे पहाटेचं दव दगडांच्या सांध्यांत साठलेलं होतं आणि त्यावर तेरड्याची शेवटची फुलं झुकलेली होती. वरच्या फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवर, उभी राहिले. उत्तरेचं धुकं आता कड्याला लागून वर चढायला लागलं होतं. ऊन तापलं की हे होतंच. दरीतली गार हवा सैल होते, उतारावरून वर सरकते आणि सोबत धुकं घेऊन येते.

तेव्हा ते दिसलं. माझी सावली तटाच्या पलीकडे धुक्यावर पडली होती, आणि सावलीच्या डोक्याभोवती पूर्ण गोल, रंगीत कडं. आत निळसर, बाहेर तांबूस. त्याच्या बाहेर आणखी एक, फिकट. इंद्रवज्र. सूर्य पाठीशी, समोर धुकं आणि थेंब अगदी बारीक, एकसारखे, हे सगळं जुळलं तर प्रकाश त्या थेंबांतून उलटा बघणाऱ्याकडे परततो आणि असं कडं उमटतं. हरिश्चंद्रगडावर कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं ते पाहिलं होतं आणि त्याचं वर्णन १८३५ साली छापून आलं. मी हात वर केला, सावलीनं केला, कडं डोक्याशीच राहिलं. चार पावलं सरकले, तेही सरकलं. ते ज्याचं त्यालाच दिसतं. शेजारी दहा जण उभे असते तर प्रत्येकाला आपल्याच डोक्याभोवती दिसलं असतं. मी मोबाइल बाहेर काढेपर्यंत धुकं दाट झालं, सावली पुसली गेली, आणि काढलेल्या फोटोत नुसता पांढरा रंग आला.

मग दीड तास काहीच दिसलं नाही.

तोरण्याची वाट आळू दरवाज्यातून बाहेर पडते. तटाच्या पायथ्यानं आडवं जाऊन, पुढे एका सोंडेवरून घसाऱ्यात उतरायचं. वाट मळलेली आहे, जागोजागी बाणही आहेत. पण अशा धुक्यात मळलेली वाट आणि ढोरवाट यांतला फरक पायाला कळत नाही, आणि डाव्या हाताचा उतार किती खोल जातो ते डोळ्यांना. मी दरवाज्याच्या आडोशाला बसले. गूळ-शेंगदाणे खाल्ले. एकटीनं चालण्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट नेमकी इथे येते. लोक म्हणतात शांतता, स्वतःशी संवाद. असेल. माझ्यासाठी मोल आहे ते थांबता येण्याचं. ग्रुपमध्ये बारा जण असले की धुक्यात थांबू या हे म्हणायला कुणीतरी लागतं, आणि ते म्हणणारा माणूस बाकीच्यांच्या सुट्टीचा दिवस वाया घालवतो आहे असं त्यालाच वाटू लागतं. वेळापत्रक, परतीची बस, कुणाची तरी पहिलीच वेळ, कुणाला तरी पुढे जायची घाई. या सगळ्यातून निर्णय गर्दीच्या रेट्यानं होतो. मी ग्रुपबरोबर पुष्कळ फिरले आहे आणि माणसं मला आवडतात. पण आकाश वाचायला मी शिकले ते एकटी असताना, कारण तेव्हा ते वाचल्यावर त्याप्रमाणे वागणं माझ्याच हातात होतं.

दहाच्या सुमाराला धुकं फाटलं. आधी पायाखालचं गवत, मग समोरची सोंड, मग तिच्या टोकावरचं एकटं झाड. पाच मिनिटांत आकाश निळं झालं आणि ऊन असं पडलं की मघाशी गारठ्यानं आवळून बसलेली मी टोपी शोधायला लागले. उतरणीवर मुरूम ओला होता. बूट तिरपे रोवत, काठीवर भार देत उतरले. खाली आल्यावर धार रुंद झाली आणि दोन्ही अंगांना सोनकी. हिरवं अजून पुरतं गेलेलं नव्हतं, गवताच्या शेंड्यांना नुकता पिवळा चढत होता, आणि त्यात ही सोन्याची पसरण. दोन पावसांच्या मधल्या उन्हात मधमाश्यांची एवढी लगबग होती की कानाला तिचाच आवाज येत होता.

वेल्हे-भुतोंडे रस्ता जिथे धार ओलांडतो त्या खिंडीत बारा वाजता आले. तिथे एका झोपडीत ताक मिळालं. मीठ-जिरं घातलेलं, पितळी पेल्यात. ताक देणाऱ्या आजींनी पेला हातात ठेवला आणि दक्षिणेकडे हनुवटीनं दाखवलं. भाटघरच्या पाण्यापलीकडे, रायरेश्वराच्या अंगाला, कापसाचे बारीक ढग उठले होते. तळ सपाट, माथे फुगीर. दिसायला निरागस.

"आज लौकर उठल्यात," त्या म्हणाल्या. "काल तीनला आला. आज त्याच्या आधी यायचा."

"तोरण्यावर पोचेन का तोवर?"

"पोचशील की नाही ते तुझ्या पायांना ठाव. मी आपलं ढगाचं सांगितलं."

खिंडीत मोबाइलला रेंज होती. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं, पाषाणच्या आयआयटीएमनं, केलेलं 'दामिनी' हे ॲप उघडलं. आसपासच्या टापूत कुठे वीज पडते आहे ते त्यात दिसतं. तेव्हा नकाशा कोरा होता. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसचा अंदाजही सकाळीच पाहून ठेवला होता. घाटमाथ्यावर दुपारनंतर मेघगर्जनेसह पाऊस. (हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, पण त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिसच म्हणतात.) अंदाज बरोबर असतो, पण तो सगळ्या घाटमाथ्यासाठी असतो. कुठल्या धारेवर आणि किती वाजता, हे आजींच्या हनुवटीनं जास्त नेमकं सांगितलं होतं.

पुढे निघाले. खिंडीनंतर चढ आहे, मग झाडीचा पट्टा, मग पुन्हा मोकळी धार. झाडीत गार वाटलं, पण ती गारवा देणारी सावली होती की उतरलेलं ऊन, हे ठरवता येईना. बाहेर आले तेव्हा सव्वा वाजला होता आणि ते कापसाचे ढग आता नव्हते. त्यांच्या जागी एकच होता. भोरच्या वर उभा, खाली शाईसारखा काळा, वर पांढराशुभ्र, आणि सगळ्यांत वरचा भाग सपाट होऊन एका बाजूला पसरायला लागलेला. ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरला की तो पुरता वाढला, त्याच्यात वीज आहे, असं समजायचं. वारा पडला होता. गवताचं पातं हलत नव्हतं. मग पूर्वेकडून एक झुळूक आली, थंड, ओल्या मातीच्या वासाची, आणि थांबली. थोड्या वेळानं दुसरी, तिच्याहून लांब.

समोर बुधला स्वच्छ उन्हात होता. तासा-दीड तासाची चाल. मध्ये उघडी धार, तिच्यावर माझ्याएवढं उंच काहीच नाही. शेवटी कातळटप्पा, आणि त्याला लोखंडी शिडी.

पहिला लखलखाट दिसला तेव्हा मी मोजायला लागले. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. सत्तावीसला गडगडाट ऐकू आला. म्हणजे नऊ किलोमीटर. तिसाच्या आत आला की आडोसा गाठायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, हा नियम जगभर शिकवतात. तो असा आहे कारण वीज ढगाच्या पोटाखालीच पडते असं नाही. ती ढगापासून बरीच लांब, ऊन असलेल्या जागीही पडू शकते. माझ्या अंगावर त्या क्षणी ऊन होतं.

तोरणा डोळ्यांसमोर होता आणि पाय चांगले होते. मन सगळे हिशेब भराभर पुढ्यात मांडत होतं. ढग कदाचित दक्षिणेकडूनच निघून जाईल. धावत गेलं तर तासाभरात शिडी. तोरण्यावर मेंगाईच्या देवळात आडोसा आहे. यातला प्रत्येक हिशेब "जर"नं सुरू होत होता. मागे फिरण्याच्या हिशेबात जर नव्हता. वीस मिनिटांवर दाट झाडी, धारेच्या खालच्या अंगाला. मी फिरले.

झाडीत पोचता पोचता पहिले थेंब आले, मोठे आणि लांब लांब. एकट्या उंच झाडापासून दूर, सारख्या उंचीच्या ठेंगण्या झाडांत, उताराच्या थोड्या खोलगट पण ओहळ नसलेल्या जागी सॅक खाली टाकली आणि तिच्यावर पाय जवळ घेऊन उकिडवी बसले. काठी लांब ठेवली. डोक्यावरून पोंचो. आणि मग तो आला. पाऊस म्हणावा असं त्यात काही नव्हतं, नुसतं पाणी कोसळत होतं. पायाखालची पानं वाहायला लागली. एकदा प्रकाश आणि आवाज यांच्यात मला मोजायला काही मिळालंच नाही. जमीन हादरली आणि नाकाला एक तिखट, जळका वास आला. भीती वाटली. छातीत मावत नाही अशी भीती. तिला पळवून लावायचा प्रयत्न केला नाही. मोजत राहिले, कारण तेवढंच करण्यासारखं होतं. तीन. पाच. चार. नऊ. चौदा. आकडे मोठे होत गेले तसा तो पश्चिमेला, कोकणाकडे सरकतोय हे कळत गेलं. आपल्या भीतीला असे आकडे मिळाले की ती कमी होत नाही, पण तिच्यासोबत बसता येतं.

चाळीस मिनिटांत संपलं. त्यानंतरचा अर्धा तास मी तिथेच काढला. या अर्ध्या तासात आकाश उघडलं आणि समोर असं काही उभं राहिलं की त्यासाठीच हा ऋतू. धुऊन निघालेली हवा. लिंगाणा आणि त्याच्यामागे रायगडाचा माथा, इतके जवळ की पायवाटा दिसतील असं वाटावं. जवळच्या कड्यांवरून पांढऱ्या धारा सुटलेल्या, त्यांच्यावर तिरपं ऊन. वाफा उठत होत्या. बुधल्यापर्यंतची सगळी धार मोकळी, कोरडी व्हायला लागलेली, बोलावणारी.

साडेतीन वाजले होते. गेले असते तर शिडीपाशी पाच-सव्वापाच, तोरण्यावरून वेल्ह्याची उतरण अंधारात, ओल्या कातळावरून. वर दुसरा ढग उठला नव्हता, आणि उठणार नाही हे सांगता येत नव्हतं. मी खिंडीकडे वळले. आजींनी लांबूनच पाहिलं आणि चुलीवर चहा ठेवला. काही विचारलं नाही. चहा पिताना पुन्हा रेंज आली, घरी फोन केला, कागदावर लिहिलेला मार्ग बदलल्याचं सांगितलं. मग रस्त्यानं वेल्ह्याकडे. निम्म्या वाटेत दुधाच्या टेम्पोनं घेतलं.

वेल्ह्यात एसटीची वाट बघताना तोरण्यावरून उतरलेली कॉलेजची पोरं भेटली. मी कुठून आले विचारलं, मी सांगितलं, मधूनच परत फिरले म्हणून. त्यांच्यातला एक जण हळहळला. "अरेरे, ताई, यायचं ना. वर काही झालं नाही. चार थेंब आले आणि गेले. आम्ही बुधल्यावर बसून भेळ खाल्ली."

ते खरं सांगत होते. त्यांचे कपडे कोरडे होते. ढग माझ्या डोक्यावरून गेला आणि तोरण्याला बगल देऊन सरकला. म्हणजे त्या वेळी पुढे गेले असते तर कदाचित वादळाच्या बाहेर निघाले असते आणि बुधल्यावर त्यांच्यात बसून भेळ खाल्ली असती. एसटीत नसरापूरपर्यंत मी यावर विचार करत होते. सव्वा वाजता, त्या धारेवर, मला सत्तावीस हा आकडा माहीत होता. वाऱ्याची दिशा माहीत होती. ढग कुठल्या दरीतून वळणार हे माहीत नव्हतं, आणि कुणालाच असू शकलं नसतं. तेवढ्याच माहितीवर मला उद्या पुन्हा तिथे उभं केलं तर मी पुन्हा झाडीत उतरेन. त्या पोरांच्या कोरड्या शर्टांनी त्यात काही बदलत नाही.

डिसेंबरात वेल्ह्याकडून तोरणा चढायचा, बुधला उतरायचा आणि राहिलेला तुकडा खिंडीपर्यंत उलटा चालायचा, असं ठरवलं आहे. आजींसाठी पुण्याहून चहाची भुकटी न्यायची आहे. त्यांच्याकडची संपत आली होती, तरी मला त्यांनी चांगला कडक चहा दिला होता.